चाल कुणाकडून आली?

अब्बांची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही चौघं शारजाच्या रोल्ला भागात, पडदा लावून अर्धी केलेल्या खोलीत राहायचो. अम्मी डबे करायची, त्यावर घर चालायचं. तिसऱ्या मजल्यावरचा डबा डेक्लनभाईंचा. हा आयरिश माणूस हॉटेलात रॉक गिटार वाजवायचा आणि घरी फिडल, म्हणजे त्यांच्याकडचं व्हायोलिन.

कुठलीही चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून मिळाली हे ते सांगणारच. "ही शेजारच्या ब्रिजिटआजींची." मगच गज तारेवर टेकायचा. तरुणपणी त्यांच्या बँडला मैदानं पुरायची नाहीत. पण त्याच आजींची चाल बँडने स्वतःच्या नावावर रेकॉर्ड केली, तेव्हा हे भांडून बाहेर पडले आणि फिरत फिरत शारजात आले. डब्यातल्या बांगड्याच्या सालनाबद्दलही मोडक्या हिंदीत विचारायचे, "भाभी, किससे मिला?"

"मच्छी मार्केट से!" अम्मी म्हणायची.

एकदा भाकऱ्या थापताना ती दापोलीकडचं हळदीचं गाणं गुणगुणत होती. डबा घ्यायला आलेले भाई दारातच थांबले. "ये किससे मिला?"

"आईकडून. तिचं नाव कोण विचारतंय!"

"मैं पूछता, भाभी."

थंडीत हॉटेलच्या बागेत कार्यक्रम होता. भाईंचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि मॅनेजरने बजावलं होतं, मध्ये बडबड नको, लोक नाचायला येतात. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो. भाई माइकपाशी आले. "ही चाल रोल्लाच्या हमीदाभाभींची. त्यांना मिळाली आई फातिमाकडून, दापोलीत." मग गिटार कडाडली.

"चल गं घरी, सगळे बघतायत," अम्मी कुजबुजली. उठली मात्र नाही.

कॉन्ट्रॅक्ट खलास, मॅनेजरने पुढे वाढवलंच नाही. भाई निघाले तेव्हा अम्मीने भाकऱ्या बांधून दिल्या. "माझ्या नावापायी नोकरी घालवलीत!"

"एक दादी का नाम गया, भाभी. आपका नहीं जाने देगा."

आता आम्ही शेजारच्या अजमानला दोन खोल्यांत राहतो. यंदा आयर्लंडहून त्यांचा अल्बम आला. अम्मीला इंग्रजी वाचता येत नाही. आतल्या पुस्तिकेत हळदीच्या चालीखालच्या ओळीवर बोट ठेवून मी ती वाचून दाखवली.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. नाव छापून आलेल्या पहिल्या दोघी मात्र नानी आणि अम्मी.