तांबडीचा वंश

आमच्या आबांनी तांबडी गावच्या सोसायटीच्या चेअरमनला दिली, ती बहात्तरच्या दुष्काळात. दिली म्हणजे सांभाळायला दिली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तो माणूस चारचौघांत म्हणत फिरला की त्याला ती कायमची दिली होती.

तांबडी ही आमची कारवानी कुत्री. लांब निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट, रंग विटेसारखा. आमच्या शिवारात मेंढ्या बसवणाऱ्या एका धनगरानं ती पिल्लू असताना आबांना दिली होती. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तिथल्या एका पत्र्याच्या घरासमोर असलं जनावर उभं राहतं, हे वरच्या आळीतल्या काही लोकांना खुपायचं. आबांना त्याची मजा वाटायची. मुद्दाम तिला घेऊन ते बाजाराच्या दिवशी पेठेतून जायचे.

कुत्र्यांच्या बाबतीत आबा फार कडक होते. कुत्री पहिल्यांदा माजावर आली की ते तिला घरात बांधून ठेवत. म्हणत, "अजून ती स्वतःच पोरगी हाय. तिला कशाला आई करायची?" एका वेतानंतर तिला वर्षभर तरी विसावा हवा, आणि पिल्लू स्वतः भाकरीचा काला खायला लागल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही, ही त्यांची रीत. भाऊ-बहिणीची जोड लावणाऱ्याला तर ते दारातही उभं करत नसत.

दुष्काळात आम्ही सगळे सरकारी कामावर खडी फोडायला जात होतो. तिथं खायला मिळणारी पिठाची सुकडी आबा स्वतःच्या वाट्यातली तांबडीला घालायचे. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या, आणि आबांच्याही. त्या दिवसांत चेअरमन एकदा कामावर आला. त्याच्या विहिरीला पाणी होतं, दावणीला म्हशी होत्या, आणि त्याच्याकडं एक कारवानी नर होता.

"मारतो काय तिला?" तो आबांना म्हणाला. "माझ्याकडं सोड. दूध पाजीन. पाऊस झाला की घेऊन जा तुझी तू."

आबांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "मालक, एकच ध्यानात ठेवा. अजून कवळी हाय. एवढ्यात जोड लावू नका."

"मला शिकवतो व्हय?" तो हसला. पण मग म्हणाला, "न्हाय लावत. जबान दिली."

मी तिथंच खडीची पाटी घेऊन उभी होते. त्याची ती जबान मी माझ्या कानांनी ऐकली.

पुढच्याच माजाला त्यानं तिला जोड लावली. त्यानंतर एकही माज मोकळा जाऊ दिला नाही. त्या काळात आमच्या भागात साखर कारखाना उभा करायची धावपळ चालली होती आणि चेअरमनला संचालक व्हायचं होतं. मोठ्या पुढाऱ्यांना, साहेब लोकांना खूश करायला त्याला कारवानी पिल्लं सापडली. थेट सोलापूरपर्यंत त्याची जीप पिल्लं घेऊन जायची. पिल्लांचे डोळे नीट उघडले न उघडले की टोपल्यात भरली. त्यांतली कितीतरी वाटेतच मरत, असं त्याचा गडीच सांगायचा.

हे पुढं कितीक वर्षं चाललं. त्याच्या सुरुवातीलाच, दुष्काळ सरून पाऊस पडला. आबा तांबडीला आणायला गेले, मी बरोबर होते. चेअरमन ओट्यावर पान लावत बसला होता. आम्हाला खाली अंगणात उभं केलं.

"कसली कुत्री?" तो म्हणाला.

"मालक, माझी तांबडी. सांभाळायला दिली होती."

"दिली ना? मग झालं की. आणि तुझ्या दारात कारवानी शोभती व्हय रे? एखादं गावठी बांध."

ओट्यावर बसलेले चार जण हसले. गोठ्याच्या बाजूनं तांबडीनं आबांचा आवाज ओळखला होता. ती साखळी ओढून ओढून केकाटत होती. आबा तसेच वळले.

तिला परत बघितलं ते काही वर्षांनी. तोवर मी शिक्षिका झाले होते, शेजारच्या गावात शाळेवर जात होते. एका सकाळी ती आमच्या दारात येऊन पडलेली होती. सड लोंबून जमिनीला लागलेले, कमरेची हाडं वर आलेली, मागून पू वाहत होता. आता तिला पिल्लं होत नव्हती म्हणून त्यानं सोडून दिली होती. मी तिला बैलगाडीत घालून कळंबच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गर्भाशय सडलंय, फार उशीर झालाय. दोन दिवसांनी ती आबांच्या मांडीवर डोकं ठेवून मेली. आबांनी स्वतः खड्डा खणला. मला म्हणाले, "सोडून दे आता."

मी सोडलं नाही. माती ओढता ओढता मी ठरवलं की ह्या माणसाला जिथं दुखेल तिथंच मारायचं.

मला फार काही करावं लागलं नाही, थांबावं लागलं. दुसरं रक्त आणायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. तांबडीच्या पोरींना त्यानं त्यांच्याच बापाची जोड लावली, मग भावांची. मी मात्र आबांच्या धनगराला सांगून दक्षिणेकडचा, ह्या वंशाशी काही संबंध नसलेला एक नर पिल्लू मिळवला. काळा, मोठ्या छातीचा. त्याला घरच्या भाकरीवर, अंड्यावर वाढवलं. शाळेतून आले की त्याला घेऊन गावातून फिरायचे, चेअरमनच्या ओट्यासमोरून तर रोज.

तिकडं त्याची पिल्लं बिघडत चालली. कुणाचा खालचा जबडा आखूड, कुणाच्या डोळ्यांवर पांढरी झाक. एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यात, पाहुणे बसलेले असताना, पिल्लाला फेफरं आलं आणि ते गालिच्यावर हातपाय झाडत पडलं. साहेबानं ते जीपनं परत पाठवलं. ही गोष्ट मी जवळच्या वाशीच्या बाजारात, एसटीत, शाळेतल्या बायकांत, जिथं जाईन तिथं सांगितली. खरी होती, म्हणून बिनधास्त सांगितली. सांगताना गोड वाटायचं.

शेवटी त्याला माझ्या नराची गरज पडली. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती आणि कुण्या मोठ्या माणसाला धडधाकट पिल्लू कबूल केलेलं होतं. आधी त्यानं गडी पाठवला. मी त्याला परत पाठवला. मग मुलगा आला. त्याला म्हणाले, "तुमच्या वडिलांना यायला सांगा. कुत्री घेऊन, चालत. जीप वस्तीत आणायची नाही."

तो आला. भर दुपारी, पांढरे कपडे, हातात साखळी. उभ्या गावानं बघितलं. आमच्या वस्तीत तो मतं मागायला सोडून कधी आला नव्हता, आणि तेव्हाही पाण्याला शिवला नव्हता. मी तांब्या पुढं केला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि प्याला. आबा खाटेवर बसले होते. आजूबाजूची बाया-माणसं जमली.

"बाई, लई उपकार होतील," तो म्हणाला.

"आधी सांगा, तांबडी कुणाची होती?"

"जुनं कशाला उकरता?"

"मग चला तुम्ही."

तो घाम पुसत उभा राहिला. मग आबांकडं न बघता म्हणाला, "ह्यांची होती."

"तुम्ही काय जबान दिली होती?"

"जोड लावणार न्हाय म्हणून."

"आणि?"

"लावली." आवाज एवढा बारीक झाला होता की मागच्या बाया म्हणाल्या, "ऐकू आलं न्हाय." मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. तो पुन्हा बोलला. "लावली. दर माजाला लावली. माझं चुकलं."

आबा खाटेवरून म्हणाले, "बास कर, पोरी."

मी खाली बसले आणि त्या कुत्रीकडं वळले. खरं तर ती वस्तीत शिरतानाच मला कळलं होतं. तिचे मागचे पाय आत वळलेले होते, चालताना कंबर एका बाजूला जात होती. तरी मी तिचं तोंड उघडलं, जबडा बघितला, मांड्यांवरून हात फिरवला. ती बिचारी माझा हात चाटत होती.

"हिची जोड मी लावणार नाही," मी उठून म्हणाले. "माझाच काय, कुणाचाच नर हिला लावू नका. हिची पिल्लं ही अशीच लुळी होणार. तुमच्याकडच्या एकाही कुत्रीला आता पिल्लं होऊ देण्यात अर्थ नाही. वंश संपवला तुम्ही."

"मग हे सगळं मला बोलायला कशाला लावलं?"

"मला ऐकायचं होतं."

त्याचा चेहरा आठवला की आजही माझं पोट भरतं. त्यानं साखळी जमिनीवर टाकली आणि एकटाच परत चालत गेला. कुत्री त्याच्यामागं दोन पावलं गेली आणि बसली. ती आमच्याकडंच राहिली, उन्हात पडून राहायची, पिल्लं न होता म्हातारी झाली. निवडणुकीत तो पडला. माझ्यामुळं पडला असं मी म्हणत नाही, पण पडला.

पुढं माझ्या नराला धनगराकडच्याच एका निरोगी कुत्रीची जोड लावली. तिची पिल्लं कळंबपर्यंत गेली. ज्याला पिल्लू द्यायचं त्याच्या घरी आधी मी स्वतः जाऊन यायचे. सांभाळायला जमलं नाही तर परत आणून द्यायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हे कबूल करून घ्यायचे. आबांची रीत मी तशीच चालवली.

आबा गेल्यावर चेअरमनचा नातू आला. कॉलेजात शिकणारा, नम्र. बाहेरच चपला काढून बसला. त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणाला, "आजोबांनी वाईट केलं. मला एक पिल्लू द्या, म्हणाल तसं सांभाळतो."

मी त्याला चहा दिला. पिल्लं दाखवली. एक त्याच्या मांडीवर चढून झोपलंसुद्धा. मग ते उचलून आईजवळ ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या घरात देणार नाही."

तो उठला, बाहेर चपला घातल्या आणि गेला. मागाहून कानावर आलं की त्यानं रस्त्यावरचं एक लंगडं कुत्रं घरात आणलंय आणि त्याला लेकरासारखं जपतो. सांगणाऱ्याला वाटलं, ऐकून मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. मला राग आला, की त्या घरात चांगलं माणूस निघालंच कसं.