उताणा चॅम्पियन

आमच्या दादाला अख्खं गाव चॅम्पियन म्हणतं. म्हणू दे. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, त्यातून त्याच्याच पोहण्याच्या टँकवर तिकिटाच्या खिडकीत बसते, तेव्हा माझ्यापुढे ही टिमकी वाजवायची सोय नाही.

तो बॅकस्ट्रोकचा चॅम्पियन झाला, कारण त्याला पाण्यात तोंड बुडवायची भीती वाटायची. बस, एवढंच. लहानपणी आई त्याचे केस धुवायला घ्यायची तेव्हा शेजारचे चौकशीला यायचे, इतका केकाटायचा. वडिलांनी हट्टाने टँकवर घातला. तिथल्या कोचने आठवडाभर त्याला इतर मुलांसारखं पालथं पोहवायचा प्रयत्न केला आणि शेवटी वैतागून उलटा केला. उताणा पडल्याबरोबर पोरगा गार. हात लांब, खांदे सैल, नाक पाण्याच्या वर. सपासप निघाला. पुढे कितीतरी वर्षं बॅकस्ट्रोकमध्ये त्याला कुणी हरवू शकलं नाही, हे खरं आहे आणि खरं ते मी नाकारत नाही.

पण सत्काराची भाषणं ऐकावीत. "माझी ओढ पहिल्यापासून बॅकस्ट्रोककडेच होती," हा आपला मान तिरकी करून सांगायचा, आणि पहिल्या रांगेत आम्ही घरचे, ताकास तूर लागू न देता बसलेलो. ओढ म्हणे. तोंड लपवायला जागा मिळाली, तिला ओढ म्हणायचं.

स्पर्धा संपल्यावर तो त्याच टँकवर मुख्य प्रशिक्षक झाला. इथून पुढचा प्रकार तर ऐकण्यासारखाच आहे. दुसऱ्याला तोंड बुडवायला शिकवायचं तर आधी आपण बुडवून दाखवावं लागतं. त्यावर ह्याने तोड काढली. आल्यागेल्या सगळ्यांना बॅकस्ट्रोकच शिकवायचा. "आधी पाठ तयार होऊ दे, बाकीचं मागाहून," असं पालकांना सांगायचा. ते मागाहून कधी उजाडलंच नाही. आज गावातली एक पिढीच्या पिढी उताणी पोहते. डॉक्टर, शिक्षिका, बँकेचे मॅनेजर, सगळे पोटं वर करून तरंगत असतात. परगावचा माणूस आला तर त्याला वाटावं, इथे काहीतरी अपघात झालाय. आणि पालक काय म्हणतात, तर सरांची पद्धतच वेगळी.

वहिनीला मात्र लग्नानंतर आठवड्यातच कळलं. नवरा बेसिनला पाठ लावून, मान मागे टाकून, कपाळावर टॉवेल धरून केस धुतो, हे कुठल्या बायकोच्या नजरेतून सुटेल? वहिनी घरी शिवणकाम करते, बोलते कमी. तिने तेही कुणाला सांगितलं नाही.

त्यांच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. चौदा वर्षांची, हात बापासारखेच लांब. तिला मेडले पोहायचं होतं, म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकार. बापाला विचारलं की उत्तर ठरलेलं, मागाहून. शेवटी वहिनीने बाथरूममध्ये बादली भरली आणि पोरीचं तोंड त्यात घालून श्वास सोडायला शिकवलं. स्वतःला पोहता येत नाही त्या बाईने. बाकीचं भिंगरी मोबाइलवर बघून शिकली. दुपारी दादा घरी जेवून घोरायला लागला की मी तिला आत सोडायचे आणि वहिनी काठावर बसायची.

स्पर्धेचा संघ जाहीर करायचा त्या संध्याकाळी पालक बाकांवर दाटीने बसले होते. मीही खिडकी लावून काठावर वहिनीशेजारी येऊन उभी राहिले. दादाने नावं वाचली. भिंगरी, बॅकस्ट्रोक.

"बाबा, मेडलेलापण द्या ना नाव."

"तुला कुठे येतं?"

तिने उडी मारली आणि चारही प्रकार पोहून दाखवले. बटरफ्लाय करताना भिजलेल्या कोंबडीसारखी फडफडली, पण थांबली नाही. पालकांनी तोंडात बोटं घातली.

"श्वास चुकतोय," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"कुठे चुकतोय, दाखवा."

दादा नावांच्या यादीची घडी घालायला लागला. ती काठाला आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, मीपण घाबरत होते. तुम्ही उतरा, मी हात धरते. एकदाच तोंड बुडवा. मग मी पुढच्या वर्षीपर्यंत थांबते. नाहीतर मी पलीकडच्या गावातल्या टँकवर जाणार आहे, आईशी बोलणं झालंय."

"उतरा हो," वहिनी त्याला म्हणाली.

तो उतरला. पोरीने त्याचे दोन्ही हात धरले. तो वाकला. हनुवटी टेकली, खालचा ओठ टेकला. आयुष्यभर मी ह्या माणसाला नावं ठेवली, पण तेव्हा मनातल्या मनात म्हणत होते, दादा, घाल रे, घाल तोंड, तुझी मुलगी आहे ती.

त्याने मान वर केली. बाकांकडे बघून हसला. पोरीचे हात सोडवले, भिंतीला पाय लावले आणि उताणा होऊन निघाला.

काय पोहला. इतक्या वर्षांनी, सुटलेल्या पोटासकट, पाण्याला लागतोय की नाही कळू नये असा. पालक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. "ह्याला म्हणतात उत्तर," बँकेचे मॅनेजर म्हणाले. कसलं उत्तर आणि कसला प्रश्न, त्या मूर्खाला काय ठाऊक.

भिंगरी पाण्यातून बाहेर आली. तिने टॉवेल गुंडाळला, वहिनीने पिशवी उचलली, आणि दोघी गर्दीतून वाट काढत दाराकडे गेल्या. दादा तेव्हा टँकच्या मध्यावर होता. त्याचे डोळे वर छताकडे होते.

मी काठाकाठाने त्या टोकाला गेले. त्याने भिंत धरली, धापा टाकत माझ्याकडे बघितलं. टाळ्या चालूच होत्या.

"बघितलं ना तिने?"

"अर्धं," मी म्हटलं.