पोरीला माझ्याकडून आलेलं

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या राजपुऱ्यात लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि मी ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकी बघतो. माझी येत नाही. तिशी उलटायच्या आधीच तिची पाळी बंद झाली. उघड लिहितो, कारण गल्लीचं कुजबुजून झालंय. बायका विचारायच्या, "काय गं, पाळणा कधी?" एका वर्षी ती मांडे-रसाच्या ताटावरून उठली, ती पुन्हा आलीच नाही.

सासरच्यांनी दोष तिच्या आईच्या माथी मारला. माझ्या बायकोलाही ते पटलं. लेकीला फोन करणं तिने सोडून दिलं. कोणत्या तोंडाने करू, म्हणायची.

मागच्या थंडीत लेकीवर उपचार करणाऱ्या इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायकोला बोलावलं. माझा हात थरथरतो, चालताना तोल जातो, हे लेकीने त्यांना सांगितलं होतं.

"दुखणं तिचं, मग रक्त माझं कशाला?" मी म्हटलं.

"बाबा, सुईला घाबरता का?" बाई म्हणाल्या.

असं म्हटल्यावर काय! मी दोन्ही बाह्या वर केल्या.

बायकोच्या रक्तात काही निघालं नाही. माझ्यात निघालं. एका जीनमधला छोटा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा आलाय, बाईंनी समजावलं. बापाकडून तो प्रत्येक मुलीला जातो. त्यातल्या काहींचं बीज लवकर संपतं, आणि बापाचा म्हातारपणी हात थरथरू शकतो. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण एवढं कळलं.

घरी येऊन बायकोच्या देखत लेकीला फोन लावला.

"सासूला सांग, आईचं नाही, माझं आहे. बोलायचं असेल तर मला येऊन बोला म्हणावं."

"आबा, झालं का भांडण सुरू?" ती हसली. किती दिवसांनी! "सगळ्यांना सांगायचे ना तुम्ही, पोरगी माझ्यावर गेली. घ्या आता."

"गेलीच आहेस."

मग हळूच म्हणाली, "माय आहे का जवळ?"

फोन दिला. दोघी रडल्या, मग बोलत बसल्या. मी ओट्यावर आलो. नातवंड पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू? पण आता त्याहून जास्त तीच पाहिजे. राहवलं नाही, तिथूनच ओरडलो, "आखाजीला येशील का?"

बायकोने फोन बाहेर आणून माझ्या कानाला लावला. "बघते, आबा."

आता उन्हं तापायला लागलीत. गल्लीत रिक्षा थांबली की मी उठतो. बायको म्हणते, "बसा. अजून वेळ आहे आखाजीला."