वाळू न पडलेलं सहावं ग्रीन

फेब्रुवारी संपत आला की लेओनिद आर्सेनोच्या स्वयंपाकघराची खिडकी साऱ्या गावाची होते. तो राखतो त्या गोल्फ क्लबच्या नऊ ग्रीनवरून, म्हणजे चेंडू भोकात ढकलतात त्या नऊ गोल हिरवळींवरून, तो बर्फ फोडून वाटीएवढा एकेक गवताचा तुकडा आणतो आणि पावाच्या डब्यांत उन्हाला ठेवतो. आठवड्यात कोंब फुटले की गवत जगलं म्हणायचं. बायको रोझेला शेजारी कुट्टूची धिरडी काढते. येणारा-जाणारा काकवी लावून ती खातो आणि डब्यांत डोकावतो. चौतीस वर्षांत ही खिडकी कधी खोटी ठरली नव्हती.

यंदा जानेवारीत पाऊस पडला आणि तसाच गोठला. ग्रीनवर बोटभर जाडीची बर्फाची काच बसली. तिच्याखाली दोनेक महिन्यांनंतर गवताचा भरवसा नसतो. तरी खिडकीत नवाच्या नऊ तुकडे हिरवे झाले.

"गवत जिवंत आहे, पण गुदमरतंय," लेओनिद म्हणाला.

मार्चमध्ये ऊन पडलं तसा तो काळी वाळू घेऊन निघाला. काळी वाळू ऊन धरते, बर्फ लवकर सुटतं. दोन दिवसांत आठ ग्रीन मोकळी झाली. सहावं टेकाडावर होतं. गुडघा इतका ठणकत होता की ते त्याने राहू दिलं.

त्यानंतर दोन दिवस पारा शून्याखाली बावीसवर गेला. लेओनिदने तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. गवत हिरवंच दिसत होतं.

एप्रिलअखेरीस मात्र ते आठही ठिकाणी पेंढ्यासारखं पिवळं पडलं. लेओनिदने पहिल्या ग्रीनवर चिमूट धरून ओढली. मुळांसकट अख्खा झुपका अलगद हातात आला. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. सहाव्यावर पोचला तेव्हा बर्फ नुकतं वितळलं होतं आणि खालचं गवत हिरवंगार होतं. त्याने तिथेही ओढून पाहिलं. सुटेना. तो तिथेच ओल्यात बसला.

क्लबची अध्यक्ष जिलेन लांद्री त्याच्या शाळेतली. ती टेकाड चढून आली.

"हे एवढं बरं वाचलं," ती म्हणाली. "सभासदांना पत्र लिहितेय. हिवाळ्याने मारलं, जूनमध्ये उघडणार नाही. निम्मे तरी पलीकडच्या गावच्या क्लबात जातील, जाऊ देत. तुला कोण बोल लावतंय?"

"इथे मी वाळू टाकली नव्हती."

"मग?"

"बाकी आठांवर टाकली. उन्हात गवत पाणी प्यायलं, आणि तसंच गोठलं. पांघरूण मीच काढलं, जिलेन."

जिलेन त्याच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "इथे का नाही टाकलीस?"

"गुडघा दुखत होता."

"म्हणजे तुझा गुडघा तुझ्यापेक्षा शहाणा निघाला."

लेओनिद हसला नाही. तिने खिशातला कागद काढला. "पत्रात हिवाळाच राहू दे. चौतीस वर्षं झालीत तुला."

"तसं लिहिलंस तर माझ्यामागून येणारा हेच करील. वाळूचं लिही."

तिने त्याच्याकडे पाहिलं, कागदावरची ओळ खोडली आणि मांडीवरच नवीन लिहायला घेतली.

घरी पोचल्यावर तो बूट न काढताच दारात उभा राहिला. खिडकीत नऊ डबे तसेच होते. एरवी ईस्टरला रोझेला ते रिकामे करायची. यंदा ठेवले होते, आणि कात्रीने कापून गवत अगदी सारखं राखलं होतं.

"काय झालं? असा काय बघतोस?"

त्याने सांगितलं. ती खुर्चीवर टेकली.

"मग हे काय आहे?" तिने डब्यांकडे बोट केलं.

"पहिलं ग्रीन. दुसरं. तिसरं," तो सावकाश म्हणाला. "एवढीच उरलीत."

"तर मग माझ्या कात्रीने तुझ्यापेक्षा जास्त ग्रीन राखली. चल, डबे उचलू लाग."

दोघांनी डबे गाडीत ठेवले. पहिल्या ग्रीनवर लेओनिदने पेंढा बाजूला सारला, वाटीएवढा खड्डा केला आणि तिथला तुकडा तिथेच बसवला. रोझेलाने तळहाताने दाबला. भोवतीच्या एवढ्या पिवळ्यात तो पैशाएवढा दिसत होता. बाकी साऱ्यावर बी पेरायचं होतं. पोती गाडीतच होती.

लेओनिदने पुढचा डबा उचलला.