होम प्लेटच्या मागे

परदेशातल्या मुलाकडून परत येऊन मला तीनच दिवस झाले होते. नातीच्या जन्माच्या वेळी गेले, ती पालथी पडायला लागली तेव्हा निघाले. तोवर ह्यांनी जबलपुरात एकट्याने दिवस काढले. आल्यावर बघितलं तर घर टापटीप, कुंड्या ओल्या, फ्रीज पुसलेला. मला कौतुकच वाटलं.

हे फॅक्टरीतून रिटायर झालेले. नोकरीत असताना फॅक्टरीच्या टीमकडून बेसबॉल खेळायचे, गुडघे दुखायला लागल्यावर अंपायर झाले. जबलपुरात कोणी बेसबॉल खेळतं हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण शाळा-कॉलेजच्या मुलींच्या टीम इथे चांगल्या आहेत आणि त्यांच्या मॅचला ह्यांना बोलावणं असतंच. मी कधी गेले नव्हते. माझी शाळेतली नोकरी, घर, मुलाचे क्लास, राहूनच गेलं. तिकडे मात्र मुलाने मला एका मोठ्या स्टेडियमवर नेलं आणि शेजारी बसून सगळं समजावलं. पिचर चेंडू फेकतो, समोरचा मारतो, तिन्ही बेसला पाय लावून परत होम प्लेटवर आला की एक रन. प्लेटच्या मागे कॅचर उकिडवा बसतो, आणि त्याच्या पाठीशी वाकून अंपायर. त्या रात्री मी फोनवर ह्यांना सांगितलं की आता तुमचा खेळ मला कळतो. तर म्हणाले, आली की ये एखादी मॅच बघायला.

म्हणून त्या सकाळी हे बॅग भरायला लागले तशी मीही साडी बदलायला उठले. पण ह्यांनी नको म्हटलं. माझी झोप पुरी झाली नाही, ऊन फार आहे, पुढच्या वेळी ये, अशी कारणं एकापाठोपाठ एक दिली आणि स्कूटर काढून निघूनही गेले. मला ते जरा लागलंच.

थोड्या वेळाने शेजारच्या दीदी दही घेऊन आल्या. तिकडच्या थंडीची, नातीची चौकशी झाली. मग त्यांनी आत डोकावून विचारलं, "भाईसाहब आराम कर रहे हैं?"

मी म्हटलं, ते तर मॅचला गेले.

दीदींचा चेहरा बदलला. "डॉक्टर ने तो मना किया था न? उस दिन तो हम लोग बहुत डर गए थे."

मी विचारलं, कोणता दिवस? मला काहीच माहीत नाही हे दीदींच्या तेव्हा लक्षात आलं. मग त्यांनी सांगितलं. होळीच्या आधी हे गेटपाशी चक्कर येऊन पडले होते. दीदींच्या मुलाने गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. नाडी फार मंद चालते, मधूनच अडखळते, मशीन बसवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर ऊन आणि दगदग बंद. ह्यांनी घरी येऊन दीदींना सांगितलं की मिसेसला कळवलंय, ती आली की ऑपरेशन करू.

त्याच सुमारास दोन दिवस ह्यांचा फोन आला नव्हता. मग इंटरनेट बंद होतं म्हणाले होते. मीही ते खरं धरलं होतं.

मी ह्यांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. बॅगेत असणार. पायात चप्पल सरकवली आणि नाक्यावरून ऑटो केली, सिविल लाइंसच्या मैदानाला. मॅच तिथेच असतात हे ह्यांच्या तोंडून ऐकलं होतं. ओमतीच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. एक बस आडवी आली होती आणि कोणी मागे हटायला तयार नव्हतं. ऑटोवाल्याला मी म्हटलं, भैया, दुसरीकडून काढा. तो म्हणाला, आंटी, कहाँ से निकालूँ? मी हातातला फोन लावत राहिले. सिविल लाइंसच्या सावलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझा पदर घामाने ओला झाला होता.

मैदानाच्या कडेला एक मंडप होता. आईबाप बसले होते. मी जाळीपाशी जाऊन बघितलं आणि ह्यांना लगेच ओळखलं. छातीला पॅड, तोंडावर मास्क, कॅचर मुलीच्या मागे वाकलेले. उभे होते. तेवढं बघून मी रिकाम्या खुर्चीवर बसले.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "आपकी बेटी कौन सी है?"

मी म्हटलं, "मेरे वो हैं, अंपायर."

त्या हसल्या आणि मॅच बघायला लागल्या. सिलेक्शनची मॅच होती, दोन्हीकडे सारखे रन, म्हणून सगळे श्वास रोखून बसले होते. मी मॅच बघतच नव्हते. प्रत्येक चेंडूला हे वाकत, हात वर करत, सरळ होत. परत वाकत. सरळ होताना डावा हात मांडीवर टेकत होते. ही सवय आधी नव्हती. एक चेंडू बॅटची कड घेऊन मागे आला आणि सरळ मास्कवर आदळला. हे एक पाऊल मागे गेले. मी उठून उभी राहिले. ह्यांनी कॅचरच्या खांद्यावर हात ठेवला, मान हलवली, खेळ सुरू करायची खूण केली. आणि तेव्हा त्यांना मी दिसले.

टीम बाजू बदलत होत्या तेव्हा हे पाणी प्यायला जाळीपाशी आले. मास्क काढला. ओठ पांढरे पडले होते.

"काहून आली?"

"दीदींनी सांगितलं."

त्यांनी बाटली तोंडाला लावली, पण पाणी प्यायले नाहीत.

"चला घरी," मी म्हटलं.

"थोडीच राहिली मॅच. पोरींचं सिलेक्शन आहे, मधेच कसा सोडू?"

"दुसरे अंपायर आहेत ना तिथे बेसवर."

"तो नवा आहे."

मला ओरडायचं होतं. तिथे, त्या सगळ्यांसमोर, पॅडचा पट्टा धरून ओढत न्यायचं होतं. पण मी एवढंच म्हटलं, "मी इथून हलून नाही राहिले. तुम्ही ठरवा." ते मास्क चढवून परत गेले.

त्यानंतर मी बसले नाही. एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती. पुढच्या चेंडूला जोरात फटका बसला आणि ती होमकडे सुटली. लांबून चेंडू आला, कॅचरने झेलला, ती मुलगी घसरत प्लेटवर आली, तेवढ्यातच कॅचरचा चेंडूवाला हात तिच्यावर पडला. धूळच धूळ. दोन्ही टीम ओरडायला लागल्या, एक सेफ म्हणे, एक आउट म्हणे. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात उठला नाही.

आरडाओरडा वाढला. एक कोच धावत आला. हे तसेच उभे, मान किंचित खाली. मी जाळीच्या दारातून आत शिरले होते, मला कोणी अडवलंही नाही.

मग ह्यांनी मास्क काढला. कोचला हाताने थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मैंने नहीं देखा. मेरी आँखों के आगे अँधेरा था." त्यांनी बेसवरच्या तरुण अंपायरला बोलावलं, त्याला काय दिसलं ते विचारलं. तो घाबरलेला होता, पण त्याने ठामपणे सांगितलं, आउट. ह्यांनी हात वर करून आउट दिला. मग मास्क त्याच्या हातात ठेवून म्हणाले, आता इथून तू बघ.

मी पोचले तेव्हा ते पॅडचा पट्टा सोडायचा प्रयत्न करत होते आणि बोटं चालत नव्हती. पट्टा मी सोडला. एका मुलीच्या वडिलांनी गाडी आणली.

गाडीत मी एकच विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"तू तिकीट बदलून आली असती," ते डोळे मिटून म्हणाले. "नातीला डोळे भरून बघू दे म्हटलं."

त्यावर मला रडू आलं नाही. रागच आला, आणि तो बरेच दिवस राहिला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी घरी जाऊच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवला. ऑपरेशन चाललं होतं तोवर दीदी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी दोनदा माफी मागितली, जणू चूक त्यांची होती.

आता हे बरे आहेत. मॅचला जातात, सावलीत खुर्ची टाकून नव्या अंपायरांना शिकवतात. मी बरोबर जाते. मैदानावर आमचं फारसं बोलणं होत नाही, पण निर्णय चुकला असं मला वाटलं की मी सांगते, आणि बहुतेक वेळा ते ऐकून घेतात.

हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा मुलाला कळवायचं राहिलं होतं. हे म्हणाले, तू सांग. मी नाही म्हटलं. व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसले. नात समोर आली, मुलगा हसून विचारायला लागला, कसे आहात बाबा? हे माझ्याकडे बघत राहिले. मी फोनकडे बोट केलं. शेवटी त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि छातीवरची पट्टी फोनसमोर धरली.