टाळ्या वाजवत चालणाऱ्या कुमुदमावशी

कुमुदमावशी जंगलात टाळ्या वाजवत चालायच्या, आरतीला वाजवतात तशा. अमेरिकेतल्या एडिसनमधली आम्ही तीन-चार मराठी कुटुंबं फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, उत्तरेकडच्या डोंगरांत हायकिंगला जायचो, तेव्हा पुढे त्या आणि मागे त्यांना हसणारे आम्ही. "हसा खुशाल," त्या म्हणायच्या, "पण अस्वलाला कळू दे पाहुणे आलेत ते. न सांगता कुणाच्या घरात शिरू नये."

नागपूरच्या शाळेत पीटी शिकवलेल्या बाई. मुलाकडे राहायला आल्या तरी शिस्त सुटली नव्हती. पार्किंगमध्येच सगळ्यांच्या बॅगा तपासायच्या. वासाचं काही खायचं सापडलं की गाडीत बंद, अस्वल वासावर येतं म्हणून. माझा चिवडा त्यांनी दोनदा जप्त केला होता आणि मला त्याचा चांगलाच राग आला होता.

अशाच एका हायकिंगला माझी सहा वर्षांची मुलगी ईरा दमून एका वळणावर बसली. बाकीचे पुढे गेले, मावशी आमच्यासाठी थांबल्या. तिच्या बुटाची लेस बांधायला मावशी वाकल्या, टाळ्या थांबल्या, आणि झुडपातून काळं अस्वल बाहेर आलं. नाक वर करून हुंगत ते सरळ आमच्याकडेच येऊ लागलं.

"पळायचं नाही. दोघी माझ्या मागे," मावशी हळूच म्हणाल्या. दोन्ही हात वर करून त्यांनी ओढणी डोक्यावर ताणून धरली. "जा बाबा, आम्ही निघालोच." आम्ही एकेक पाऊल मागे सरकत होतो. ईराला मी इतकं घट्ट धरलं होतं की तिला दुखत असणार.

तेवढ्यात ती कुजबुजली, "मावशी, युअर लाडू इज इन माय बॅग."

मावशी वळल्या नाहीत. अस्वल आणखी जवळ आलं, तशा त्या पाय आपटून मैदानावरच्या आवाजात ओरडल्या, "ए! मागे फिर!"

ते थबकलं, फुरफुरलं आणि झुडपात शिरलं.

मावशींचे हात वरच राहिले होते. मीच ते खाली घेतले. "मीच दिला गं," त्या रडत म्हणाल्या. "सगळ्यांचं काढून घेतलं, मग वाटलं, लेकरू रिकाम्या हातानं कसं जाईल?" मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटत होतं.

पुढच्या वर्षी त्या कायमच्या नागपूरला परत निघाल्या. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ईरानं सवयीनं हात पुढे केला. मावशींनी तिला जवळ घेतलं, पण लाडवांचा डबा दिला माझ्या हातात, झाकण पुन्हा एकदा दाबून.

"घरी पोचल्यावर दे," त्या म्हणाल्या.

आमचं घर समोरच्याच बिल्डिंगमध्ये होतं.