पडली नव्हे, पाडली

मुंबईला निघालो त्या सकाळी बाबांनी मला एसटी स्टँडच्या वाटेवरून मागे फिरवलं. निघायच्या गडबडीत शेजारच्या सगुणामावशीची पितळी कळशी माझ्या हातून विहिरीत गेली होती आणि मी “मावशी, कळशी पडली” एवढंच सांगून सटकलो होतो. बाबा गावच्या चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे. शाळा चौथीपर्यंत. पण म्हणाले, “पडली नाही, पाडली. तसं सांगून ये. एसटी दुसरी मिळेल.”

घराण्यातला पहिला बी.ए. मी, ट्रंक खाली ठेवून हात जोडले. “मावशी, मी पाडली.”

“आता कसं बोललास! जा, पत्र टाक.”

साठच्या दशकातली ती गोष्ट. विक्रोळीच्या एका कारखान्यात क्लार्क लागलो. भोंगा, पंचिंग, ओव्हरटाइम हे शब्द अंगवळणी पडले. चाळीत शेजारच्या खोलीत गावडे राहायचा. मालवणकडचा फिटर, माझ्याच वयाचा, माझ्याच खात्यात. दोघेही अजून टेंपररी.

एके दिवशी माझं कोपर लागून मोजमापाचं महागडं गेज खाली आपटलं. कोणी पाहिलं नाही. मी ते गुपचूप जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी काटा हलेना. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “पडलं असेल, साहेब.” गेज वापरणाऱ्यांच्या रजिस्टरात शेवटची सही गावडेची होती. त्याचं कायम होणं थांबलं.

आठवडाभर मी देवाकडे क्षमा मागत होतो. ते सोपं होतं. देवाचं कायम होणं थांबलं नव्हतं. आमच्या गावी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरी घेण्याआधी, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दारात जाऊन सलाम करून मिटवायची रीत. त्या रविवारी घाटकोपरच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये भाकरीचं ताट समोर आलं आणि मी भाकरी न घेता ते तसंच पुढे सरकवलं.

घरी येऊन गावडेचं दार वाजवलं. “सॉरी यार,” म्हणालो आणि थांबलो. सॉरी तर पायावर पाय पडला तरी म्हणतात. “गेज मी पाडलं. साहेबांशी खोटं बोललो. तुझं नुकसान मी केलं.”

“मेल्या, आठ दिस माका अन्न गोड लागाक नाय, आणि तू माझ्याच घरात बसान चाय पिलंस! माका सांगान काय? सायबाक सांग!”

सोमवारी सगळ्या खात्यासमोर सांगितलं. गावडे कायम झाला. माझं सहा महिने लांबलं. ते योग्यच होतं. पण तो माझ्याशी बोलेना. बाबांना कळवलं, तर त्यांचं कार्ड आलं: “बरं केलंस. आता त्याने माफ करावं म्हणून घाई करू नको. ते त्याच्याकडे आहे.”

पावसाळा सरला. एका दुपारी गावडेने सुक्या बांगड्याचा तुकडा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

आता बाबा नाहीत. घंटा दुसरं कोणी वाजवतं. सगुणामावशी अजून पत्रातून विचारते, घरी कधी येणार? परवा माझ्या रूथच्या हातून कप फुटला. “पप्पा, कप पडला,” ती म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत आमच्या उंबऱ्यावर पेपर वाचत बसलेल्या गावडेने मान वर केली.

“पडलो की पाडलंस गो?”

रूथने तुकड्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“पाडला, काका.”

घरीच आहे मी, सगुणामावशी.